शिकारखान्यातील भुकेचे माप

मृगयेने शरीरातील मेद झडतो, ही समजूत आपल्या वाङ्मयात फार जुनी आहे. राजाच्या व्यसनांचा ऊहापोह करताना मृगया अधिक घातक की द्यूत, असा प्रश्न कौटिल्यापुढे आला, तेव्हा त्याने द्यूताला अधिक दोष दिला. कारण मृगयेत निदान व्यायाम घडतो, कफ, पित्त आणि मेद यांचा नाश होतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम साधण्याचा सराव होतो आणि पशूंच्या चित्तवृत्तींचे ज्ञान होते, असे त्याचे म्हणणे होते. कालिदासाने शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापतीच्या तोंडी मृगयेची जी स्तुती घातली आहे तिचाही आशय हाच: मेद झडून उदर कृश होते आणि शरीर हलके व उद्योगक्षम बनते. राजाच्या दृष्टीने ही मांडणी यथार्थच होती, कारण राजाला शिकारीला जाण्यापूर्वी कृश होण्याची गरज नव्हती; त्याचा घोडा, ससाणा, चित्ता आणि हाकारे हे सर्व त्याच्यासाठी अगोदरच सिद्ध झालेले असत. परंतु ज्यांचा चरितार्थ शिकारखान्यावर चाले, त्यांच्या अनुभवात हा क्रम नेमका उलटा होता. त्यांच्या लेखी अंग हलके होणे हे शिकारीचे फळ नसून तिची पूर्वअट होती, आणि पावसाळा सरून शिकारीचे दिवस जवळ आले की त्यांचे सारे कसब एकाच कामी लागे: सुस्तावलेल्या जनावराच्या अंगावरचे मांस किती उतरवावे आणि कोठे थांबावे, हे ठरविणे.

सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या राज्यातील अठरा कारखान्यांची जी यादी दिली आहे तीत तालीमखाना आणि शिकारखाना ही दोन्ही नावे आहेत. एक माणसाच्या शरीराची निगा राखणारा आणि दुसरा शिकारी जनावरांची. दोहोंचा खर्च एकाच दौलतीतून चाले. तालमींच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे; शिकारखान्याच्या वाट्याला मात्र राजेरजवाड्यांच्या शौकाच्या गोष्टींपलीकडे फारसे काही आले नाही, आणि त्या शौकामागे उभ्या असलेल्या कारागिरांची विद्या दुर्लक्षितच राहिली.

ही विद्या ऋतुचक्राशी बांधलेली होती. आपल्या मुलखात पावसाळ्याचे चार महिने शिकारीला निरुपयोगी. गवत छातीइतके वाढते, काळ्या जमिनीत घोड्याचा पाय रुतून बसतो आणि बैलगाडी माळावर जाऊ शकत नाही. लष्करही याच काळात छावणीत राही, घोड्यांना दाणावैरण आणि विश्रांती मिळे, आणि दसऱ्याला पुन्हा मोहिमेसाठी बाहेर पडावयाचे असा सभासदाने वर्णिलेला शिरस्ता होता. हिरव्या चाऱ्यावर पोट सुटलेला घोडा एकदम दौडीस घातला तर त्याचा दम उखडतो, हे जाणणारा मोतद्दार त्याला प्रथम चालवी, मग दुडकी आणि शेवटी दौड असा चढता क्रम ठेवी. तथापि घोड्याचे काम तुलनेने सोपे होते, कारण घोडा पोटभर खाऊनही धन्याची आज्ञा पाळतो. ससाण्याचे आणि चित्त्याचे तसे नाही.

ससाण्याच्या शास्त्रावर आपल्या देशात स्वतंत्र ग्रंथरचना झाली होती. कल्याणीच्या चालुक्यवंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, ज्यातील काही पदांत मराठीचे आरंभीचे रूप आढळते म्हणून आपल्या वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे, श्येनविनोदाचेही प्रकरण आहे. पुढे कुमाऊंच्या रुद्रदेवाने ‘श्यैनिकशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला, आणि महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी तो १९१० मध्ये भाषांतरासह संपादून कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. शिकारी पक्ष्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे: तो कधीही माणसाळत नाही, कुत्र्याप्रमाणे त्याला माया लागत नाही आणि शिक्षेचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. मनगटावरून सुटलेला पक्षी आकाशात सर्वस्वी स्वतंत्र असतो, आणि तो परत येतो तो केवळ त्या हातावर अन्न मिळते या आठवणीने. त्याला भूक नसेल तर तो झाडावर जाऊन बसतो, वाऱ्यावर भरकटतो आणि धन्याला कायमचा अंतरतो. भूक प्रमाणाबाहेर असेल तर पंखांत बळ राहत नाही आणि थंडीच्या एका रात्रीत तो मरूनही जातो. या दोन टोकांमधील पट्टा इतका अरुंद आहे की बहिरी ससाण्याची मादी वजनाने किलोभराच्या आसपास असली तरी काही ग्रॅमच्या फरकाने तिचे वर्तन पालटते.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पक्षी जुनी पिसे टाकतो. नवे पीस वाढत असताना उपासमार घडली तर त्या पिसावर आडवी दुबळी रेघ उमटते आणि ऐन झडपेच्या वेळी पीस तेथेच मोडते. म्हणून या काळात त्याला काळोख्या, शांत जागी ठेवून भरपूर खाऊ घालीत. नवा पिसारा पुरा झाला की तो पक्षी दिसावयास अत्यंत देखणा आणि कामास अगदी निरुपयोगी असे: अंगावर चरबी, स्वभावात रानटीपणा आणि माणसाच्या हाताविषयी बेफिकिरी. मग बाजदाराचे काम सुरू होई. खाणे एकाएकी तोडावयाचे नाही, हा पहिला नियम. मांसाचे तुकडे पाण्यात भिजवून पिळून काढावयाचे, म्हणजे पोट भरल्याची जाणीव होते पण पोषण कमी मिळते. मग हळूहळू प्रमाण घटवावयाचे. दोरीला बांधून अल्प अंतरावरून हातावर बोलवावयाचे आणि अंतर रोज थोडे वाढवीत न्यावयाचे. आदल्या दिवशी मांसाबरोबर दिलेल्या पिसांची गुंडाळी पक्षी सकाळी तोंडावाटे टाकतो. ती बाजदार नित्य तपासी आणि ती पडल्याखेरीज पक्षी उडवीत नसे. वजनाची खरी परीक्षा तराजूपेक्षा बोटांनी होई: छातीच्या मध्यभागी जे हाड असते त्याच्या दोन्ही अंगांचे मांस चाचपून, ते भरलेले आहे, बेताचे आहे की हाडाची धार हाताला लागते आहे, यावरून त्या दिवसाचा शिधा ठरे.

अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त या शिध्याचे दर नोंदवून ठेवले आहेत. दाम हे तांब्याचे नाणे सुमारे २१ ग्रॅम वजनाचे होते आणि वजनाचे माप म्हणूनही ते चाले. बाजाला ७ दाम भाराचे मांस, जुऱ्याला ६, बहिरीला ५, बाश्याला ३ आणि शिक्र्यासारख्या लहान पक्ष्याला २, असा तो हिशेब आहे. इतरत्र पक्ष्यांना दिवसातून एकदा खाऊ घालीत, दरबारात मात्र दोनदा, असेही तो सांगतो. चित्त्यांची तर आठ प्रतींत वर्गवारी केलेली होती. पहिल्या प्रतीच्या चित्त्यास रोज ५ शेर मांस, म्हणजे आजच्या मापाने तीन किलोंहून थोडे अधिक, आणि तेथून उतरत उतरत आठव्या प्रतीस पावणेतीन शेर. रविवारी पशुहत्या बंद असल्यामुळे शनिवारी दुप्पट वाटप होई. रुक्ष वाटणाऱ्या या कोष्टकांचे मोल मला त्या ग्रंथातील स्तुतिपर प्रकरणांहून अधिक वाटते. कारण बादशहाच्या अंगुलिनिर्देशाने चित्ते अठरा दिवसांत तयार होऊ लागले, पूर्वी त्यास दोन-तीन महिने लागत, हे विधान दरबारी लेखकाचे आहे, पण ५ शेर आणि पावणेतीन शेर हे आकडे मुदपाकखान्याच्या आणि कसाबाच्या हिशेबातून आलेले आहेत.

चित्त्याची गोष्ट ससाण्याहून गुंतागुंतीची होती. पाळलेल्या चित्त्याचे प्रजनन होत नसे. अकबराने सहस्र चित्ते बाळगले, पण त्यांची जोडी जमली नाही, आणि एकदाच एक नर गळपट्टा तोडून मादीजवळ गेला व तिला तीन पिले झाली, ही घटना जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नवल म्हणून नमूद केली आहे. शिवाय आईने शिकार शिकविली नाही तर पिलाला शिकार येत नाही, असा चित्तेवानांचा सिद्धान्त असल्याने रानात वाढलेले जनावरच पकडावे लागे. चित्ते नखे घासण्यासाठी ठराविक झाडांपाशी येतात, हे पारध्यांना ठाऊक असे. त्या झाडाभोवती तातीचे फास मांडून ते त्याला जिवंत धरीत. मग डोळ्यांवर पट्टी, कमरेला आणि गळ्याला दोर, आणि भोवती अखंड माणसांची वर्दळ. त्याच्याशेजारी खाटेवर बसून बायकामुलांनी दिवसभर बोलत राहावे, म्हणजे मानवी आवाजाची भीती मोडते. पुढे त्याला भर बाजारातून फिरवावे. आणि या सर्व काळात खाणे मिळावे ते एकाच माणसाच्या हातून, लाकडी पळीतून. चित्ता त्या पळीला ओळखू लागला म्हणजे अर्धे काम झाले असे समजत.

उरलेले अर्धे काम वजनाचे. चित्त्याची धाव काही शे यार्डांची. तेवढ्यात काळवीट हाती आले तर आले, नाही तर तो धापा टाकीत बसून राहतो आणि पुन्हा उठावयास राजी नसतो. ही एकच धाव पूर्ण वेगाने व्हावी यासाठी साखळीवर काढलेल्या महिन्यांची सुस्ती उतरली पाहिजे, फुप्फुसांचा दम वाढला पाहिजे, आणि त्याच वेळी मांड्यांतील बळ तसूभरही कमी होता कामा नये. म्हणून रोजची फेरी वाढवीत नेत, शिधा बेताचा ठेवीत आणि शिकारीपूर्वी त्याला भुकेला राखीत. काळविटे बैलगाडीला बुजत नाहीत, म्हणून चित्त्याला छकड्यावर बसवून कळपाजवळ नेत, काळ्या नराकडे तोंड करून पट्टी काढीत आणि सोडीत. शिकार पडली की चित्तेवान धावत जाऊन काळविटाचा गळा कापी, त्याचे रक्त त्याच लाकडी पळीत धरून चित्त्यापुढे करी, आणि तो ते चाटण्यात गुंतला असता शिकार त्याच्या पंजातून सोडवून घेई. मग मांडीचा एक भाग त्याला मिळे. जो आठवडेच्या आठवडे भुकेच्या हिशेबात राहिला, त्याला पोटभर खाऊ दिले तर पुढील कित्येक दिवस तो निरुपयोगी होणार, म्हणून यशाच्या क्षणीही हात आखडता ठेवणे चित्तेवानाला भाग होते.

मराठी मुलखात या विद्येचे अखेरचे मोठे आश्रयस्थान कोल्हापूर होते. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता आणि सवाई माधवरावांना जनावरांची विलक्षण आवड होती. पण त्यांच्या अकाली मृत्यूनंतर आणि राज्य गेल्यावर ती परंपरा पुण्यात टिकली नाही. कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपती स्वतः विशालकाय, मल्लविद्येचे भोक्ते आणि निष्णात शिकारी होते. १९१२ मध्ये त्यांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे केले, आणि त्यांच्याच आश्रयाखाली चित्त्यांकडून काळविटांची शिकार होई. सभासदाच्या यादीतील ते दोन कारखाने येथे पुन्हा एकाच धन्याच्या पदरी आलेले दिसतात. तालमीतील मल्लाला दूध, तूप, बदाम यांचा खुराक देऊन त्याची काया भरीव करावयाची आणि चित्तेखान्यातील जनावराची काया बेताने उतरवावयाची, या दोन्ही कामांत वस्तादाची नजर सारखीच लागे; आणि मल्लाचा खुराक जेवढा लोकांच्या चर्चेत आला तेवढा चित्त्याचा शिधा आला नाही, याची मला खंत वाटते. महाराजांच्या पश्चात राजाराम छत्रपतींच्या काळात तर चित्ते आफ्रिकेहून आणावे लागले, कारण तोपर्यंत हिंदुस्थानातील माळांवरून ते जवळजवळ नाहीसे झाले होते. जी प्रजा पिंजऱ्यात वाढत नाही तिला शतकानुशतके रानातून उचलत राहिल्याचा, आणि माळ नांगराखाली गेल्याचा, तो परिणाम होता.

येथे पारध्यांचा उल्लेख टाळता येणार नाही. चित्ता फासात धरणारा, काळविटाचा माग काढणारा आणि जनावराची भूक दुरून ओळखणारा हा समाज स्वतः बाराही महिने भुकेच्या काठावर जगत होता. त्याच्या अंगावर उतरवण्याजोगा मेद कधी नव्हताच. शिकारीने शरीर हलके होते हे राजाला सांगणारा कालिदासाचा सेनापती ज्या हाकाऱ्यांच्या जिवावर ती शिकार घडवून आणीत असे, त्यांच्या कृशतेचा त्याने विचार केलेला दिसत नाही. इंग्रजी अमलात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि पुढे मुंबई इलाख्यात झालेल्या त्याच्या विस्ताराने फासेपारध्यांवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला, रोजची हजेरी त्यांच्या नशिबी आली. त्याच काळात शाहू छत्रपतींनी त्यांना जवळ केले, चाकरी दिली, पहाऱ्यावर विश्वासाने नेमले. महाराजांच्या शिकारीच्या छंदाबद्दल कोणी काहीही म्हणो, त्या छंदातून त्यांना या माणसांची योग्यता कळली होती, आणि हे त्यांचे पाहणे मला त्यांच्या अनेक मोठ्या कार्यांच्या तोलाचे वाटते.

१९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या अधिपतीने एका रात्रीत तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ती अखेरची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता देशातून नष्ट झाल्याचे शासनाने जाहीर केले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन पारधी विमुक्त झाले. ज्या जनावराला धरण्याचे कसब त्यांच्यापाशी होते ते तोपर्यंत उरले नव्हते, आणि दुसरे कसब त्यांना कोणी शिकविले नव्हते. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्षी धरण्यावरही बंदी आली. बहिरी ससाणा आज आकाशात मोकळा आहे, हे सर्वस्वी इष्टच झाले. परंतु बंदी ही शिकारीवर होती, शिकारखान्याच्या ज्ञानावर नव्हती. कोल्हापूरकर चित्तेवानांच्या घराण्यांत आजोबा-पणजोबांकडून ऐकलेले जे काही अजून कोणाच्या स्मरणात असेल, म्हणजे कोणत्या महिन्यात शिधा किती, फेरी किती, कोणत्या लक्षणावरून जनावर तयार झाले असे समजावयाचे, ते त्यांच्याच शब्दांत टिपून घेण्याचे काम कोल्हापुरातील एखाद्या तरुण संशोधकाने विनाविलंब हाती घ्यावे. श्यैनिकशास्त्राला हरप्रसाद शास्त्री भेटले. चित्तेवानांना अद्याप कोणी भेटलेले नाही.