परका नाही, हे कुणी सिद्ध करायचे?

मंगळवेढ्याहून पंढरपूरला जायचे तर आज आपण एस.टी.त बसतो आणि ज्वारीची शेते पाहत जाऊन उतरतो. आपल्या पणजोबांच्या काळी याच वाटेवर एक सरहद्द होती. मंगळवेढा हा सांगली संस्थानचा तालुका, तर पंढरपूर, सांगोला, सोलापूर हा इंग्रजी मुलूख. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा ती पुसली गेली. बाजाराला निघालेल्या माणसाला ती फारशी जाणवलीही नसेल. कायद्याला मात्र ती दिसत होती.

इंग्रज सरकारने १८६४ साली परकीयांविषयी एक कायदा केला. जो राणीचा जन्मजात प्रजाजन नाही आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा मूळ रहिवासीही नाही, तो परकीय, अशी त्यातील व्याख्या होती. म्हणजे कायद्याच्या अक्षराने मंगळवेढ्याचा शेतकरी पंढरपुरात परकाच! सरकारने हुकूम काढला तर त्याने मुलूख सोडायचा; न सोडल्यास अटकेत राहायचे. पुढच्या कायद्यांनी संस्थानी प्रजेला या व्याख्येतून वगळले. परंतु १८६४ च्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्यासाठीच हा लेख आहे. एखादा माणूस परकीय आहे की नाही असा प्रश्न उद्भवला, तर तो परकीय नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचे. चोरीच्या खटल्यात गुन्हा शाबीत करण्याचे ओझे सरकारवर असते. येथे ते उलटे.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले आणि सरकारला जुना कायदा अपुरा वाटू लागला. आधी वटहुकूम निघाला, मग १९४० चा परकीय कायदा झाला. हिंदुस्थानभरचे जर्मन नागरिक पकडून अहमदनगरच्या छावणीत आणले गेले. पहिल्या महायुद्धातही नगरला अशी छावणी होतीच. पुढे देवळाली, सातारा आणि पुरंदर किल्ल्यावरही अशा लोकांना ठेवण्यात आले. गिर्यारोहक हाइनरिश हारर हे नगर व देवळाली करून डेहराडूनला पोहोचले आणि तेथून निसटून तिबेटात गेले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. हिटलरच्या छळातून जीव घेऊन पळालेले ज्यूही सुरुवातीला याच तारांच्या कुंपणात होते, ही त्यापेक्षा कमी ठाऊक असलेली गोष्ट. कागदावर ते जर्मन होते, एवढेच पुरे झाले.

युद्ध संपले, कायदा राहिला. १९४० च्या युद्धकालीन अधिकारांना १९४६ च्या कायद्याने कायमचे रूप दिले आणि पुरावा कुणी द्यायचा ते त्याच्या नवव्या कलमात पुन्हा आले. हा अनुभव काही आपल्याच देशाचा नव्हे. शत्रुदेशीय नागरिकांना पकडण्याचा व हाकलण्याचा अमेरिकेचा १७९८ चा कायदा २०२५ मध्ये, कोणतेही युद्ध जाहीर झालेले नसताना, व्हेनेझुएलाच्या लोकांवर वापरला गेला. तो रद्द करावा म्हणून तेथील संसदेत विधेयके मांडली गेली आहेत.

आपल्याकडे या कायद्याने अनेक विचित्र वळणे घेतली. जुन्या व्याख्येत 'ब्रिटिश प्रजाजन' हे शब्द राहून गेल्यामुळे १९५७ पर्यंत फाळणीपूर्वीच्या हिंदुस्थानात जन्मलेला पाकिस्तानी माणूस या कायद्याने परकीय ठरत नव्हता! अलाहाबादेत जन्मलेला एक गृहस्थ १९५३ साली पाकिस्तानी पासपोर्टवर आला आणि मुदत संपल्यावरही राहिला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले ते याच मुद्द्यावर. १९५७ च्या दुरुस्तीने 'जो भारताचा नागरिक नाही तो परकीय' अशी सरळ व्याख्या आली. १९६२ च्या चीन युद्धात सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथे डांबले. त्यांतील कित्येकांचा जन्म येथलाच होता, आणि काहींना सुटायला १९६७ उजाडले.

अखेर १९४६ चा कायदा रद्द झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये नवा कायदा मंजूर होऊन १ सप्टेंबरपासून अमलात आला, आणि १९२०, १९३९, १९४६ व २००० असे चार कायदे एकदम इतिहासजमा झाले. पण वाचकहो, पुराव्याचे ते ओझे नव्या कायद्यातही त्याच खांद्यावर आहे.

ते पेलायला काय लागते, हे पालकांनी पाहावे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेल्याला सहसा जन्मच पुरतो. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याला आई किंवा वडील, कुणीतरी एक भारतीय नागरिक असल्याचे दाखवावे लागते. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याचे आईवडील दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आज नववी-दहावीत शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत प्रश्न निघालाच, तर आजोबांच्या ट्रंकेपर्यंत जावे लागेल. आणि आपल्या घरांतील नावे कशी? एका कागदावर मुलाणी, दुसऱ्यावर शेख. आईचे नाव माहेरचे एक, सासरचे दुसरे.

एकटा शाळेचा दाखला नागरिकत्व सिद्ध करत नाही. पण जन्मनोंद, जमिनीचा उतारा, मतदारयादी यांच्या साखळीत तो मोलाचा दुवा असतो. दाखल्यावर जन्मतारखेजवळच जन्मस्थळाचा रकाना असतो. तारीख सगळेच तपासतात. दाखला निघण्याआधीच शाळेच्या नोंदीतील शेजारचा रकानाही वाचा, आणि तेथे गाव चुकले असेल तर मुलगा शाळेत असतानाच अर्ज करा.