सार्वजनिक सेवासंस्थांची सहयोगी जाळी

सार्वजनिक सेवासंस्थांची सहयोगी जाळी : एकाच लोकसमूहाची सेवा करणाऱ्या, पण एकमेकींच्या अधिकाराखाली नसलेल्या शासकीय, निमशासकीय व स्वयंसेवी संस्थांची सहकार्यरचना. गंभीर मनोरुग्णाला औषधोपचारांबरोबर निवारा, रोजगार आणि कधी कायदेशीर मदतही लागते. हे सारे एका संस्थेच्या आवाक्यात नसल्याने अशी जाळी उभी राहतात.

परिणामकारकता : कीथ प्रोव्हान व ब्रिंटन मिलवर्ड यांचा १९९५ मधील अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. त्यांनी प्रॉव्हिडन्स, टूसॉन, ॲल्बुकर्की व ॲक्रन या अमेरिकी शहरांतील मानसिक आरोग्यसेवांची तुलना केली. संस्थांचे आपापसांतील संबंध जितके दाट तितके रुग्णांचे हित अधिक, असे त्यात दिसले नाही. प्रॉव्हिडन्सची व्यवस्था सर्वांत परिणामकारक ठरली. तेथे एक मध्यवर्ती संस्था सेवांचा मेळ घालत होती, राज्य शासनाचे नियंत्रण थेट होते, निधी तुलनेने पुरेसा होता आणि व्यवस्था वारंवार बदलत नव्हती.

कारभाराचे प्रकार : प्रोव्हान व पॅट्रिक केनिस यांनी २००८ मध्ये तीन प्रकार मांडले : सर्व सदस्यांनी मिळून चालविलेले, एका अग्रणी सदस्यसंस्थेने चालविलेले आणि केवळ समन्वयासाठी स्थापलेल्या स्वतंत्र संस्थेने चालविलेले जाळे. पहिला प्रकार सदस्य थोडे, परस्परविश्वास सर्वदूर व उद्दिष्टांवर एकमत असेल तेथे टिकतो. सदस्यसंख्या आणि समन्वयाची गरज वाढली की उरलेल्या दोहोंपैकी एक स्वीकारावा लागतो.

भारतातील उदाहरण : पोलिओ निर्मूलनात केंद्र व राज्य सरकारे, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रोटरी आणि स्थानिक स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. १९९७ पासून राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्पाने रुग्णशोधाची समान यंत्रणा पुरविली. भारतातील वन्य पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. मार्च २०१४ मध्ये भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त प्रमाणित झाला.

मूल्यमापन : प्रोव्हान व मिलवर्ड यांनी २००१ मध्ये लोकसमूह, संपूर्ण जाळे आणि सदस्यसंस्था या तीन पातळ्या सुचविल्या. एखाद्या संस्थेला सदस्यत्वातून निधी व प्रतिष्ठा मिळते, पण तेवढ्याने लोकांची सेवा सुधारतेच असे नाही. त्यामुळे बैठका व करारांची संख्या हे यशाचे अपुरे माप ठरते.