मॉरिशसचे पंतप्रधानपद : उगम, विकास आणि मर्यादा

पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून गिरमिट्या मजुरांच्या कित्येक पिढ्यांनी मॉरिशसच्या भूमीत प्रवेश केला. गव्हर्नराच्या सत्तेचे स्थान असलेला सरकारी वाडा तेथून फार दूर नाही. परंतु एवढेसे अंतर तोडावयास मजुरांच्या वंशजांना सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून पहिले छत्तीस मजूर आले. २६ सप्टेंबर १९६१ रोजी बिहारमधून आलेल्या एका मजुराचा पुत्र या देशाचा मुख्यमंत्री झाला. या दोन तारखांमधील वाटचाल म्हणजेच पंतप्रधानपदाचा पूर्वेतिहास होय.

मजुरांचे आगमन १९२० पर्यंत चालू राहिले. बिहारी, तमिळ, तेलुगू मजुरांप्रमाणेच मुंबई बंदरातून निघालेले कोकणातील मराठी मजूरही त्यांत होते. उसाचे मळे त्यांच्या घामावर पिकले. राज्यकारभारात मात्र त्यांना स्थान नव्हते. १८८६ साली कौन्सिलाच्या दहा जागांसाठी प्रथमच निवडणूक झाली, तेव्हा मालमत्तेच्या अटीमुळे सबंध बेटावर मतदार होते अवघे चार हजारांच्या आसपास. धनपत लाला आणि राजकुमार गजाधर हे दोन भारतीय वंशाचे सदस्य निवडून येण्यास १९२६ साल उजाडावे लागले. १९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्षाची स्थापना केली. पुढच्याच वर्षी मळ्यांवर असंतोषाचा भडका उडाला आणि त्यात मजुरांचे प्राण गेले. त्यानंतर मजुरांच्या गाऱ्हाण्यांकडे दुर्लक्ष करणे सरकारला कठीण झाले.

तथापि खरी कलाटणी मिळाली ती १९४७ च्या राज्यघटनेने. बेटावर प्रचलित असलेल्या भाषांपैकी एखाद्या भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. मालमत्तेची जागा अक्षराने घेतली. पंडित वासुदेव विष्णुदयाळ यांच्या जनआंदोलनाचे स्वयंसेवक गावोगावी जाऊन निरक्षरांना आपले नाव लिहावयास शिकवू लागले. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे संध्याकाळी बैठकांमधून दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवू लागली. मतदारांची संख्या सुमारे ११,००० वरून ७१,००० च्या वर गेली. ज्यांच्या आजोबांनी करारनाम्यावर केवळ खूण केली होती, त्या नातवंडांनी १९४८ साली राज्यकर्ते निवडले. पंतप्रधानपदाचा पाया पडला तो लंडनच्या परिषदांमध्ये नव्हे, या बैठकांमध्ये, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९४८ साली निवडून आलेल्यांमध्ये डॉ. शिवसागर रामगुलाम हे होते. फ्लाक जिल्ह्यातील बेल रीव्ह येथे १९०० साली त्यांचा जन्म झाला. लंडन येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन १९३५ मध्ये ते परतले आणि १९४० पासून नामनियुक्त सदस्य म्हणून कौन्सिलात बसू लागले. १९५७ मध्ये मंत्रिपदांची पद्धती सुरू झाली आणि १९५९ ची निवडणूक सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराने पार पडली. १९६१ च्या लंडन परिषदेनंतर रामगुलाम मुख्यमंत्री, १९६४ मध्ये प्रीमियर आणि १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान झाले. हे स्वातंत्र्य एकमताने आले नव्हते. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्यवादी आघाडीच्या विरोधात पडली होती. विरोधात मत देणाऱ्यांचेही आपण पंतप्रधान आहोत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यामुळे या पदावर पहिल्या दिवसापासूनच येऊन पडली.

राज्यघटनेने या पदाला मोठे अधिकार दिले आहेत. १९९२ साली देश प्रजासत्ताक झाला आणि राणीच्या जागी राष्ट्रपती आले. तरी कारभाराची सूत्रे पंतप्रधानांच्याच हाती राहिली. मंत्र्यांची नेमणूक आणि विधिमंडळाचे विसर्जन त्यांच्या सल्ल्याने होते. परंतु जनता पंतप्रधानाची थेट निवड करीत नाही. विधिमंडळातील बहुमताचा पाठिंबा ज्याला मिळेल असे राष्ट्रपतींस वाटते, त्या सदस्याचीच ते नेमणूक करतात. अविश्वासाचा ठराव संमत झाल्यास पंतप्रधानाने तीन दिवसांत राजीनामा द्यावा किंवा विसर्जनाचा सल्ला द्यावा; अन्यथा त्याला पदावरून दूर केले जाते.

या मर्यादांची कसोटी लवकरच लागली. १९६७ नंतरची निवडणूक लांबणीवर टाकण्यात आली. १९७१ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. मतदारांना पुन्हा कौल देण्याची संधी मिळाली ती १९७६ मध्येच. स्वातंत्र्याच्या शिल्पकाराच्या कारकिर्दीतील हा काळ विसरून चालणार नाही. पुढे जून १९८२ मध्ये मॉरिशस बेटावरील साठही जागा विरोधकांनी जिंकल्या आणि खुद्द रामगुलाम आपल्या मतदारसंघात पराभूत झाले. ज्यांना राष्ट्रपिता म्हणून गौरविले जाते त्यांनी तो कौल शिरोधार्य मानला आणि सत्ता शांतपणे अनिरुद्ध जगन्नाथ यांच्याकडे गेली. पद मिळविण्याइतकेच ते सोडणेही लोकशाहीत मोलाचे असते, याचा तो वस्तुपाठ होता.

त्यानंतर हे पद नवीन रामगुलाम, पॉल बेरांजे आणि प्रविंद जगन्नाथ यांनीही भूषविले. त्यांपैकी २००३ ते २००५ या काळात पंतप्रधान असलेले बेरांजे हे या पदावरील पहिले अहिंदू गृहस्थ. भारतीय वंशाच्या लोकांचे बहुसंख्यत्व असूनही हे पद कोणा एका समाजाची मिरास नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी बासष्टपैकी साठ जागा विरोधी आघाडीस देऊन पुन्हा सत्तांतर घडविले आणि नवीन रामगुलाम पुनश्च पंतप्रधान झाले.

पंतप्रधान येतात आणि जातात; त्यांना आणणारा व घालविणारा मतदार मात्र कायम असतो. मताचा हा अधिकार बैठकीतल्या मिणमिणत्या दिव्यापाशी, उसाच्या पातीने चिरलेल्या बोटांनी एकेक अक्षर गिरवून मिळविलेला आहे. त्याचे मोल नव्या पिढीला सांगत राहणे, हे त्या गिरमिट्या पूर्वजांचे उचित स्मरण होय.