इतिहास-अध्यापन आणि साधनचिकित्सा : शिवजन्मतिथीच्या निमित्ताने

प्रस्तावना :
इतिहास म्हणजे सनावळ्यांची जंत्री, असा समज शालेय विद्यार्थ्यांमध्ये दृढ झालेला दिसतो. पाठ्यपुस्तकातील तारीख कशी निश्चित झाली, हा प्रश्न परीक्षेत सहसा विचारला जात नाही. म्हणून तो वर्गातही उपस्थित होत नाही. वस्तुतः ऐतिहासिक विचाराचा प्रारंभ याच प्रश्नापासून होतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद हे त्याचे बोलके उदाहरण होय.

साधने :
उत्तरकालीन बखरींच्या आधारे इ.स. १६२७ हे जन्मवर्ष दीर्घकाळ रूढ होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रकाशात आणली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आढळली. पुढे कवींद्र परमानंदकृत 'शिवभारत' हे समकालीन संस्कृत काव्य उपलब्ध झाले व त्यातही हीच तिथी मिळाली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

वर्गातील उपयोजन :
नववीच्या विद्यार्थ्यांपुढे या नोंदी शेजारी शेजारी ठेवून तीन प्रश्न विचारता येतील. (१) नोंद कोणी व घटनेनंतर किती काळाने केली? (२) लेखनामागील हेतू कोणता? (३) दुसरे स्वतंत्र साधन तिला पुष्टी देते काय? देशमुख घराण्यातील त्रोटक टिपणे आणि राजाश्रयाने रचलेले स्तुतिपर काव्य यांचे स्वरूप सर्वस्वी भिन्न आहे. म्हणूनच त्यांच्या एकमतास महत्त्व प्राप्त होते.

येथेच कालगणनाही शिकविता येते. १५५१ मध्ये ७८ मिळविल्यास १६२९ येतात. मग १६३० कसे? फाल्गुन हा शकवर्षाचा अखेरचा महिना. तो येईपर्यंत इसवी सन बदललेला असतो, म्हणून ७९ मिळवावे लागतात. हे उत्तर विद्यार्थ्याने स्वतः शोधले, तर तारीख वेगळी पाठ करावी लागत नाही.

निष्कर्ष :
वाद वर्गात मांडल्यास विद्यार्थ्यांच्या श्रद्धेला तडा जाईल, अशी भीती काही शिक्षक व्यक्त करतात. परंतु शिवजयंती उत्सवाला सार्वजनिक रूप देणाऱ्या टिळकांनीच रूढ तिथीविरुद्ध जाणारे साधन प्रसिद्ध केले, हे विसरता येत नाही. आदर आणि चिकित्सा यांत विरोध नाही. मात्र 'तारीख लिहा' याबरोबरच 'ती कोणत्या साधनांवरून ठरली?' हा प्रश्नही गुणांसह प्रश्नपत्रिकेत आला पाहिजे. तसे झाल्याशिवाय अध्यापनपद्धतीत बदल संभवत नाही.