मुक्या साक्षीदाराची कथा

अनेक कथा एका सूत्रात ओवण्याची रीत आपल्याला नवी नाही. वेताळपंचविशीत राजाच्या खांद्यावरील वेताळ, तर शुकबहात्तरीत पिंजऱ्यातला पोपट हे काम करतो. पाश्चात्त्य भयपटांनीही हीच वाट धरली. १९२४ साली जर्मनीत पॉल लेनी यांनी मेणाच्या पुतळ्यांभोवती कथा गुंफल्या. १९४५ च्या 'डेड ऑफ नाइट' या ब्रिटिश चित्रपटात एका घरी जमलेले पाहुणे आपापले अनुभव सांगतात. १९६५ च्या 'डॉ. टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स'मध्ये आगगाडीच्या डब्यातील प्रवासी भविष्य ऐकत बसतात. या साऱ्यांत कथा सांगणारा किंवा ऐकणारा माणूसच असतो.

१९८५ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'कॅट्स आय'मध्ये मात्र सूत्र आहे ते एका भटक्या मांजराचे, आणि ते अर्थातच मुके आहे. पटकथा स्टीफन किंग यांची, दिग्दर्शन लुईस टीग यांचे. पहिल्या दोन कथा किंग यांच्या १९७८ च्या 'नाइट शिफ्ट' या संग्रहातील असून तिसरी चित्रपटासाठीच लिहिलेली आहे. न्यूयॉर्कमध्ये धूम्रपान सोडविणाऱ्या एका क्रूर संस्थेत हे मांजर विजेच्या झटक्यांचे प्रात्यक्षिक बनते. अटलांटिक सिटीत रस्ता ओलांडताना ते एका धनिकाच्या पैजेचा विषय होते. तेथून मालगाडीने ते विल्मिंग्टनला एका मुलीच्या घरी पोहोचते. मुलगी त्याचे नाव ठेवते 'जनरल'.

रात्री भिंतीतून एक खुजा राक्षस येऊन झोपलेल्या मुलीचा श्वास ओढू पाहतो. मांजर झोपलेल्या मुलांचा श्वास चोरते, अशी युरोपातील जुनी समजूत आहे. किंग यांनी ती उलटी केली. येथे श्वासाची राखण मांजरच करते. परंतु राक्षस घरातील पक्ष्याला मारतो आणि आळ येतो मांजरावर. आई त्याला मारून टाकण्यासाठी प्राणिगृहात धाडते.

येथे आम्हांस पंचतंत्रातील 'अपरीक्षितकारक' आठवले. मुंगुसाने सापाला मारून बाळ वाचविले; पण त्याचे रक्ताळलेले तोंड पाहताच ब्राह्मणीने त्याचा जीव घेतला. पाळणा तिने नंतर पाहिला. दोन्हीकडे आईची माया खरीच आहे. चुकला तो तपासाचा क्रम. भेद इतकाच, की चित्रपटातील मांजर निसटते, परत येते आणि राक्षसाला संपवते. मुंगुसाला ती संधी मिळाली नाही.

शासकीय सेवेत असताना एका कनिष्ठ कर्मचाऱ्याविरुद्ध आलेल्या तक्रारीवर आम्ही त्याचे म्हणणे न ऐकताच प्रतिकूल शेरा लिहिला होता. तक्रार खोटी असल्याचे पुढे निष्पन्न झाले. तोवर त्याची बढती टळली होती आणि आमची बदली. त्याची क्षमा मागण्याचे राहूनच गेले. तो मुका नव्हता. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

भयपटातील राक्षस पडद्यावरच राहतो. घाईने केलेला न्याय मात्र आपल्या घरात आणि कचेरीत वावरतो. त्याचे भय बाळगणे आम्हांस अधिक योग्य वाटते.