मिरजेची गीता आणि अक्षरांचे अवयव

इ. स. १८०५ साली मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी श्रीमद्भगवद्गीता छापवून घेतली. हा मूळ संकल्प नाना फडणविसांचा. पुण्याचा इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयाने ताम्रपटावर अक्षरे कोरण्याची विद्या शिकलेला एक तांबट त्या कामी योजिला होता. परंतु १८०० साली नाना निवर्तले आणि तो कारागीर मिरजेस आला.

या छपाईत खिळे नव्हतेच. अक्षर आरशातल्यासारखे उलटे कोरावयाचे आणि शाई भरून ते कागदावर उठवावयाचे. मग 'ष्ट्र' येवो की 'द्ध्य' येवो, जोडाक्षराची अडचण ती कोणती? लेखकाच्या बोरूप्रमाणे कोरणी फिरली की झाले. मात्र ते पत्रे गीतेपुरतेच. दुसऱ्या ग्रंथासाठी पुनश्च हरिःॐ!

योगायोग असा की, त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरीचे मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले. केरीचा सहकारी मार्शमन याचे चिनी बायबलही तेथेच छापले जाऊन १८२२ साली पूर्ण झाले.

चिनी लिपी म्हणजे चित्रांचा अफाट पसारा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तिलाही अवयव आहेत. झाडाचे चिन्ह दोनदा मांडले की वन होते, तीनदा मांडले की निबिड अरण्य. परंतु बहुतेक अक्षरांची घडण याहून निराळी असते. त्यांत एक अवयव अर्थ सुचवितो, दुसरा उच्चार. 'मा' म्हणजे आई. या अक्षरात 'स्त्री' हे चिन्ह अर्थासाठी असते, तर शेजारचा 'घोडा' केवळ त्याच्या 'मा' या उच्चारापुरता उभा असतो! श्यू शेन नामक पंडिताने इ. स. १०० च्या सुमारास ९,३५३ अक्षरे अशीच उकलून ५४० मूलचिन्हांखाली लाविली.

हे अवयव निरनिराळे ओतून जुळवावेत, असा यत्न पॅरिसच्या लेग्रां याने १८३० नंतर केला. खिळे पुष्कळ वाचले, पण अक्षरे बेढब दिसू लागली. कारण अवयव जागेप्रमाणे आपले रूप पालटतो. डावीकडे बसलेले झाड अंग चोरून घेते.

आमच्या मुद्रकांची 'डिग्री' पद्धत याच जातीची. तीत अक्षराचा देह, वरची मात्रा व खालचा उकार वेगवेगळ्या खिळ्यांतून थराथराने जुळवीत. आणि अंग चोरण्यात आमचा 'र' काय कमी आहे? 'अर्क', 'चक्र', 'राष्ट्र' यांत त्याची तीन रूपे, शिवाय 'सुऱ्या'तले चौथे. हे चौथे रूप खर्चाच्या नावाखाली गाळले, तर 'आचाऱ्यांना' दिलेली दक्षिणा 'आचार्यांना' पोहोचावयाची!

पुढे सावरकरांनी 'अि, अी, अु' अशी 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली. स्वरांचे स्वतंत्र खिळे तीत वाचत होते. त्या काळी औंध संस्थानात असलेल्या किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या 'किर्लोस्कर' मासिकाच्या पानांवर ती अनेकांनी प्रथम वाचली. युक्ती तर्कशुद्ध होती, पण वाचकांच्या डोळ्यांना ती रुचली नाही. शाळेतले मूल आजही 'इ' आणि 'उ' निराळेच गिरविते.