एरचचा मुलगा आणि वरळीची खोली

आज मी एरचहून बोलतोय. झाशी जिल्ह्यात बेतवेकाठचं हे गाव. जुन्या काळी याला एरकच्छ म्हणत आणि अकबराच्या राज्यात हे एका 'सरकार'चं, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या विभागाचं ठाणं होतं. आज इथे नगर पंचायत आहे आणि कामासाठी सुरत-मुंबईची गाडी धरणारी पोरं आहेत.

माझ्या पलटणीतला एक निवृत्त हवालदार इथलाच. त्याचा मुलगा लोअर परळला रखवालदार आहे. एका खोलीत सातजण, पाळीपाळीने झोपतात. 'म्हाडाची खोली भाड्याने मिळवून देतो' असं सांगून एका दलालाने त्याचे 20,000 रुपये नेले. हवालदाराने मला विचारलं, "साहेब, सरकार भाड्याने घर देतच नाही का?"

एके काळी देत होतं. तेही त्याच्या मुलाच्या कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

1896 च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर कित्येक वर्षं राहिले. पुढे 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी विकास खातं काढलं. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि गिरणी कामगारांसाठी 50,000 खोल्यांचा बेत आखला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून 207 चाळी झाल्या. एका चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. भाडं खर्चापेक्षा कमी ठेवलं, तरीही ते कामगाराला जड जाई. वरळी तेव्हा आडबाजूला, गिरणीपासून लांब. खोल्या ओस पडल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने तिथल्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला! भाडेकरू मिळेना, कैदी मात्र मिळाले. फौजेत मी अशा रिकाम्या बराकी पाहिल्यात; नकाशावर जागा ठरवणारा तिथे कधी राहायला जात नाही.

नंतर शहरच वरळीपर्यंत आलं आणि त्याच खोल्यांत चार-चार पिढ्या नांदल्या. आता चाळी पाडून रहिवाशांना 500 चौरस फुटांची मालकीची घरं मिळताहेत. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत पहिल्या 556 किल्ल्या दिल्या गेल्या. शंभर वर्षं वाट पाहिलेल्यांना घर मिळालं, आनंदच आहे. पण भाड्याची खोली मालकीची झाली की ती भाड्याच्या साठ्यातून कायमची जाते, आणि काल गाडीतून उतरलेल्या पोराला तिथे जागा उरत नाही. हा हिशेब कुणी मांडत नाही.

मे 2020 मध्ये झाशीजवळच्या रक्सा सीमेवर पायी परतणाऱ्या मजुरांची रीघ लागली, तेव्हा ही उणीव उघड्यावर आली. त्याच वर्षी जुलैत केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. रिकाम्या पडलेल्या सरकारी घरांचा त्यात वापर व्हायचा होता. चंडीगडला अशी 2,195 घरं दिली गेली. सप्टेंबर 2024 पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) दुसऱ्या टप्प्यात भाड्याचं घर हा वेगळा घटक आहे. वर्षाला 3 लाखांपर्यंत कमाई असलेलं कुटुंब त्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात धरलं जातं.

हवालदाराला मी चार गोष्टी लिहून दिल्या. म्हाडाची नेहमीची सोडत विक्रीच्या घरांची असते, भाड्याची नव्हे. घर कामाच्या शहरात हवंय, तेव्हा चौकशी एरचच्या कार्यालयात न करता तिथल्या महापालिकेत करायची. आधार आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवायचा. आणि दलालाला एक पैसा द्यायचा नाही.

त्याने कागदाची घडी खिशात ठेवली आणि म्हणाला, "दाखला इथला चालेल की तिथलाच लागेल, साहेब?"

उद्या सकाळी आम्ही दोघं तेच विचारायला निघतोय.